हुमणाबरोबर कॅबर्ने कडू का लागली?

प्रश्न : मी डिचोलीला राहतो, बँकेतून निवृत्त झालोय. नाताळला शेजारून दरवर्षी पोर्ट वाइनची बाटली येते. जेवणाआधी छोटा पेला घेतो. तीच मला आवडते, गोड आणि मऊ. मुलगा पुण्याला असतो. त्याच्या मते ही वाइन नव्हेच, खोकल्याचं औषध. यंदा त्याने महागाची कॅबर्ने सोव्हिन्यों आणली. बांगड्याच्या हुमणाबरोबर (तिखट कालवणाबरोबर) घेतली तर तोंड कडू झालं आणि मागे लोखंडाची चव राहिली. तो म्हणाला, ‘बाबा, तुमची चव अजून तयार व्हायचीय.’ आता जानेवारीअखेर नाशिकहून व्याही-विहीण पहिल्यांदाच आमच्याकडे येताहेत. मला खरंच वाइन कळत नाही का? आणि त्यांच्यापुढे काय ठेवू? मला मधुमेहाची गोळी चालू आहे, हेही सांगून ठेवतो.
– गोडघाशा, डिचोली

उत्तर :

नमस्कार काका,

तुमच्या जिभेने अगदी बरोबर निकाल दिला. तिखट हुमणाबरोबर ती कॅबर्ने बहुतेकांना कडूच लागली असती. बाकीचे गप्प बसतात, तुम्ही बोलून दाखवलंत. चिरंजीवांनी आणलेली बाटली वाईट नसणार. त्यांनी ती चुकीच्या ताटाशेजारी ठेवली, आणि बहुधा कपाटातून काढून तशीच उघडली.

कॅबर्नेचं द्राक्ष लहान, सालीला जाड आणि गराच्या मानाने जास्त बियांचं. रेड वाइन करताना रस सालीसकट आंबवतात, त्यामुळे सालीतलं आणि बियांतलं टॅनिन वाइनमध्ये उतरतं. हे टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं. जीभ कोरडी पडते, हिरड्या आवळल्यासारख्या होतात. कोरा चहा पाच-दहा मिनिटं उकळून पिऊन बघा, त्यातही टॅनिनच असतं, लगेच ओळखाल. आता यात हुमणाचं तिखट घाला. कॅबर्नेत तेरा-चौदा टक्के अल्कोहोल असतं आणि अल्कोहोलने मिरचीची आग वाढते. शिवाय काकूंनी रीतीप्रमाणे बांगड्याच्या हुमणात तिरफळं घातली असतील, म्हणजे जीभ आधीच झिणझिणत होती.

लोखंडाच्या चवीचं तर अगदी नेमकं कारण आहे. रेड वाइनमध्ये किंचित लोह असतं. माशाच्या तेलाशी त्याची गाठ पडली की तोंडात शिळ्या मासळीचा आणि धातूचा वास उठतो. बांगडा, तारली हे तेलकट मासे, त्यांच्याबरोबर हे जास्त जाणवतं. इसवणाबरोबर (सुरमईबरोबर) कदाचित तुम्ही तक्रारही केली नसतीत. ‘माशाबरोबर व्हाइट’ हे जे जुनं सूत्र सांगतात, त्यात दिखाऊपणा थोडा असेल, पण मुळाशी हे लोह आहे.

उरली हवा. ‘रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी’ हे वाक्य थंड देशातल्या दगडी घरांमधून आलंय. तिथली खोली सोळा-अठरा अंशांची. डिचोलीच्या घरात डिसेंबरच्या दुपारीही पारा तिशीला टेकतो. तेवढ्या गरम रेड वाइनमधून पेला नाकाशी नेताच नुसता स्पिरिटचा भपका येतो, फळाचा वास त्याखाली दडपतो. तीच बाटली उघडण्याआधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा आणि मटणाच्या शागोतीबरोबर घ्या. मटणाची चरबी आणि प्रथिनं टॅनिनला कामाला लावतात, लाळेच्या वाटेला ते कमी येतं. मुलाची अर्धी बाटली उरली असेल तर मात्र याची वाट बघू नका. उघडलेली साधी वाइन फ्रिजमध्येही तीन ते पाच दिवसच धड राहते. त्यानंतर ती तिवळात घालायच्याही लायकीची उरत नाही.

आता तुमच्या पोर्टकडे येते. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरू नदीच्या खोऱ्यातली. त्या खोऱ्याची हद्द १७५६ मध्ये पोंबालच्या मार्किशच्या काळात कायद्याने आखली गेली. वाइनसाठी अशी हद्द आखल्याच्या जगातल्या अगदी जुन्या उदाहरणांपैकी ते एक. द्राक्षाचा रस आंबत असताना, साखर अजून बरीच शिल्लक असतानाच, त्यात द्राक्षाचं कडक मद्य ओततात. यीस्ट मरतं, आंबणं थांबतं, साखर तशीच राहते. म्हणून पोर्ट गोडही असते आणि एकोणीस-वीस टक्क्यांची कडकही. आणि पूर्वी हिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण होतं, तर इंग्रज. १७०३ च्या मेथ्युएन तहाने पोर्तुगीज वाइनवरचा कर फ्रेंच वाइनपेक्षा कमी झाला, तेव्हापासून इंग्लंडातले बडे लोक जेवण झाल्यावर पोर्टच घेत आलेत. चिरंजीव पुन्हा ‘खोकल्याचं औषध’ म्हणाले की हे ऐकवा.

पण त्यांची बाजूही थोडी घेते. तुमच्या शेजारून येते ती गोव्यातली पोर्ट, दोरूची नव्हे. गोव्यात वाइनच्या द्राक्षांच्या बागा नाहीत. द्राक्ष येतं महाराष्ट्र-कर्नाटकातून, आणि अशा गोड वाइनसाठी बरेचदा बंगळूर ब्लूसारखं खायचं काळं द्राक्ष वापरतात. त्याला द्राक्षाच्या सरबताचा सरळसोट वास असतो. खोल काही नसतं, लपवाछपवीही नसते. पोर्तुगीज १९६१ मध्ये गेले, गोड वाइनची सवय मागे राहिली, आणि गोंयकारांनी ती आपल्या खिशाला परवडेल अशी करून घेतली. नाताळच्या कुस्वारबरोबर, नेवऱ्या-दोदोलच्या तबकाशेजारी, तिची जागा दुसरी कुठलीही वाइन घेऊ शकत नाही. मलाही ती तिथे आवडते. रोज रात्री जेवणाआधी मात्र नाही, आणि तुम्हीही तसं करू नये असं मी म्हणेन. त्याचं कारण तुमची गोळी, त्यावर पुढे बोलते.

पोर्टमध्ये तुम्हाला नेमकं काय आवडतं, ते तुम्हीच लिहिलंय : गोड आणि मऊ. म्हणजे जिभेवर थोडी साखर हवी आणि टॅनिनचा आवळ नको. अशी जीभ असलेल्याला कॅबर्नेच्या वाटेने नेणं हाच घोळ झाला. पहिलं पाऊल शेनिन ब्लांकचं टाका. हे द्राक्ष मूळचं फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातलं, पण नाशिकच्या उन्हात चांगलं रुळलंय. नाशिकच्या सुला कंपनीची पहिली वाइन २००० मध्ये आली, तेव्हापासून शेनिन आणि सोव्हिन्यों ब्लां या दोन नावांनी नाशिकचा जम बसला. आपल्याकडच्या बऱ्याच शेनिन किंचित गोडसर ठेवलेल्या असतात. वास पिकल्या अननसाचा, थोडा केळ्याचा, आणि मागे आंबटपणा असल्यामुळे गोडी चिकटत नाही. ती गार करून हुमणाबरोबर घ्या. अल्कोहोल बेताचं, टॅनिन जवळपास नाही, आणि थोडी गोडी मिरचीची धार बोथट करते. सोलांच्या आंबटापुढेही ती फिकी पडत नाही, कारण तिचा स्वतःचा आंबटपणा आहे. तिखट, नारळाच्या, आंबट जेवणापुढे टिकणारी वाइन नेमकी तुमच्या आवडीच्या बाजूला निघते, हे चिरंजीवांना जेवता जेवताच कळू द्या. तोंडाने सांगू नका, नुसता पेला पुढे करा.

पोर्टची गोडी पेला संपला तरी तोंडात राहते. शेनिनची घोट गिळला की निघून जाते आणि पुढचा घास पुन्हा नव्याने लागतो. जेवणाबरोबर घेण्यात मजा आहे ती याचीच. पोर्ट एकटी घ्यायची चीज आहे, शेनिनला ताट लागतं. तुम्हाला दोन्ही आवडल्या तर काही बिघडत नाही, पण दोघींची वेळ वेगळी हे लक्षात ठेवा.

सोव्हिन्यों ब्लां जरा वेगळ्या स्वभावाची, कोरडी. तिच्यात ढोबळ्या मिरचीच्या वासाचंच एक द्रव्य असतं, त्यामुळे पेला नाकाशी नेला की हिरवा, ताज्या पाल्याचा वास येतो आणि त्यात पेरू मिसळलेला. तुम्हाला नुसती प्यायला ती आवडेल असं वाटत नाही. पण रव्यात तळलेली सुंगटां (कोळंबी) आणि वर पिळलेलं लिंबू असेल तर ती लिंबाचंच काम करते. एकदा घेऊन बघा, नाही जमली तर विहीणबाईंकडे सरकवा. रोजे मात्र मला गोव्यात हटकून सुचवावीशी वाटते. लोक गुलाबी रंग बघून नाक मुरडतात, आणि हेच लोक उन्हाळ्यात उर्राक (काजूबोंडांची हलकी दारू) लिम्कात घालून वर हिरवी मिरची चिरून टाकतात, तेव्हा कोणाचं नाक मुरडत नाही! काळ्या द्राक्षाची साल रसात थोडाच वेळ ठेवली की रोजे होते. फळ रेडचं, टॅनिन नावापुरतं. चिकन कॅफ्रेअल, सुंगटांची करी, मश्रूमचं तोंडाक, सगळ्यांशी तिचं जमतं. घरात शाकाहारी-मांसाहारी दोन्ही ताटं असतील आणि एकच बाटली आणायची असेल तर मी रोजे आणेन.

‘ओकचा स्पर्श, चामड्याचा गंध’ वगैरे लेबलावर लिहिलेलं असतं, त्याला घाबरू नका. आपल्या नाकाला आपल्या स्वयंपाकघरातले वास येतात आणि ते तितकेच खरे. शिराझमध्ये मिरीचा वास येतो असं म्हणतात, ती कविकल्पना नाही. काळ्या मिरीला मिरीचा वास देणारं द्रव्यच शिराझच्या द्राक्षातही सापडलंय. म्हणून भाजलेलं खोबरं, खसखस, लवंग, चक्रीफूल घातलेल्या शागोतीबरोबर मुलाला रेडच हवी असेल तर कॅबर्नेपेक्षा शिराझ आणायला सांगा. तीही थोडी गार.

आता पाहुणे. पहिलं काम वाइनचं नाहीच. व्याही-विहीण घेतात का, हे मुलाला गुपचूप विचारा, सुनेला विचारलं तर अजून बरं. घेत नसतील तर बाटली टेबलावर मांडून त्यांना ‘नको’ म्हणायला लावू नका. घेत असतील तरी सोलकढीचे पेले वाइनच्या पेल्यांइतक्याच थाटात आणा, म्हणजे कोणी काय उचललं याकडे कोणाचं लक्ष जाणार नाही. वार बघून ठरवा. सोमवार, गुरुवार, संकष्टी यातलं काही आड येत असेल तर मासे राहतील बाजूला आणि तुमची सगळी जुळवाजुळव खटखट्यावर, म्हणजे मिसळ भाज्यांच्या रश्श्यावर येईल. (आली तरी हरकत नाही, खटखट्याबरोबर शेनिन सुंदर लागते.)

नाशिकच्या माणसाला नाशिकची वाइन कौतुकाने पाजण्यात फारशी गंमत नाही. जानेवारी ते मार्च त्यांच्याकडे द्राक्षांची काढणी असते. व्याही स्वतः बागायतदार असतील तर ऐन हंगामात येताहेत हीच मोठी गोष्ट. जेवणाबरोबर शेनिन असू द्या, ती ताटाची गरज आहे. पण त्यांना दाखवायची वाइन जेवणानंतर काढा, आणि ती असू द्या खरीखुरी पोर्तुगीज पोर्ट, टॉनी प्रकारची. पणजी-मडगावच्या मोठ्या दुकानांत पोर्तुगालच्या बाटल्या असतात. स्वस्त नाही, पण ही बाटली मुलाला आणायला सांगा, कॅबर्नेची भरपाई होईल. रुबी पोर्ट मोठ्या पिंपांत थोडी वर्षं राहते आणि लालच उतरते, तुमच्या ओळखीच्या चवीच्या जवळची. टॉनी लहान लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं ठेवतात. लाकडातून झिरपणाऱ्या हवेने तिचा लाल रंग उतरून तांबूस होतो, आणि फळाच्या जागी अक्रोड, सुकं अंजीर, करपवलेल्या साखरेची चव येते. लेबलावर १०, २०, ३०, ४० अशी वर्षं लिहिलेली असतात. दहा वर्षांची पुष्कळ झाली.

तिच्याबरोबर बेबिंका. नारळाचा रस, अंड्याचा बलक, साखर, तूप, जायफळ, आणि एकेक थर वरच्या विस्तवावर भाजत चढवलेला. बेबिंकेची पातळ चकती कापा, कडेला थरांच्या तपकिरी रेघा दिसतील. ती त्या भाजलेल्या साखरेची चव, तीच टॉनीत आहे. गोड पदार्थाबरोबर वाइन त्याच्याहून गोड किंवा निदान तेवढी गोड असावी लागते, नाहीतर वाइन आंबट भासते. म्हणून बेबिंकेबरोबर चांगल्या चांगल्या वाइन तोंडावर आपटतात, आणि टॉनी मात्र उभी राहते. पेला छोटा, दोन-तीन घोटांचा, बाटली थोडी गार. ही उघडलेली बाटली फ्रिजमध्ये दोन-चार आठवडे टिकते, तेव्हा संपवायची घाई करू नका.

दुकानात जाल तेव्हा डोळे उघडे ठेवा. गोव्यात कितीतरी दुकानांत वाइन रस्त्याकडच्या काचेत उभी असते आणि दुपारी तिच्यावर थेट ऊन पडतं. लेबलाचा लाल रंग उडून विटकरी झाला असेल, बूच वर सरकून वरचं आवरण फुगलं असेल किंवा बाटलीच्या मानेला चिकट ओघळ दिसत असेल, तर ती कितीही सवलतीत मिळो, घेऊ नका. आत वाइन उकडून निघालेली असते. आतल्या कपाटातली, सावलीतली मागा. शेनिन आणि रोजेवर द्राक्षाचं वर्ष बघा, जेवढं अलीकडचं तेवढं चांगलं, या जुन्या करून प्यायच्या वाइन नव्हेत. फिरकीचं झाकण बघून कमी प्रतीची समजू नका, आपल्या हवेत बुचापेक्षा ते सोयीचं. पाहुण्यांच्या दिवशी फ्रिज माशांनी आणि दह्याने भरलेला असणार, तेव्हा बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर जाडं मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा. वीस मिनिटांत गार होते. नुसत्या बर्फात वेळ लागतो, कारण बर्फाचे खडे बाटलीला सगळीकडून लागत नाहीत.

आता गोळीचं. खऱ्या पोर्टमध्ये लिटरमागे साधारण शंभर ग्रॅम साखर असते. साठ मिलिलिटरच्या पेल्यात सहा ग्रॅम, म्हणजे चहाचा सव्वा चमचा तरी. आपल्याकडच्या पोर्टलाही चवीवरून त्याच पंक्तीत बसवा. रोज एक पेला म्हणजे रोज तेवढी साखर, आणि ती पेल्यातली असल्यामुळे हिशेबात धरली जात नाही. शिवाय काही गोळ्या चालू असताना उपाशीपोटी घेतलेल्या अल्कोहोलने साखर एकदम खालीही जाते, आणि तुम्ही तर जेवणाआधी घेता. डॉक्टरांना गोळीचं नाव दाखवून सरळ विचारा, ‘घेतो कधीतरी’ असं मोघम सांगू नका. ते नको म्हणाले तर पाहुण्यांचा पेला तुम्ही भरा आणि स्वतः सोलकढी घ्या. ‘रेड वाइन हृदयाला चांगली’ असं कोणी सांगेल, बहुधा पुण्याहूनच. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण निर्धोक नाही. वाइन चवीसाठी घ्यावी, औषध म्हणून नाही; पोर्टही नाही आणि कॅबर्नेही नाही.

एक राहिलंच. व्याही परत निघताना त्यांच्या गाडीत प्रेमाने दोन बाटल्या ठेवायचा मोह होईल. ठेवू नका. गोव्यात विक्रीसाठी असलेली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेता येत नाही, आणि सीमेवरची पत्रादेवी ओलांडली की बांद्याला गाड्या तपासतात. पहिल्याच भेटीत व्याह्यांना एक्साइजवाल्यांपुढे उभं करण्यापेक्षा अख्खी बेबिंका बांधून द्या, ती प्रवासात चांगली टिकते. फक्त तिच्यात अंडं असतं, हे विहीणबाईंना आधीच सांगा.